प्रोपेलरची पाती फोटोत वाकडी का येतात आणि त्यावर खरा उपाय कोणता

प्रश्न थोडक्यात असा आहे. एटीआर ७२ या प्रोपेलरच्या प्रवासी विमानाच्या खिडकीतून मोबाईलने काढलेल्या फोटोत प्रोपेलरची पाती वाकलेली आली. एका बाजूला त्यांची दाटी झाली, दुसरी बाजू जवळजवळ रिकामी राहिली आणि एक तुकडा तर हबला (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागाला) कुठेही न जोडता हवेत सुटा दिसला. शटरस्पीड वाढवून १/४००० सेकंद केला, तरी वाकडेपणा गेला नाही. उलट वाकलेली पाती अधिक रेखीव झाली. हा दोष कशाचा आणि त्यावर उपाय काय?

आधी उत्तर सांगतो, मग कारणे देतो. फोटोतला वाकडेपणा शटरस्पीडवर अवलंबून नसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचला जायला किती वेळ लागतो, यावर तो अवलंबून असतो. हे दोन वेगवेगळे आकडे आहेत आणि मोबाईलच्या पडद्यावर त्यांपैकी फक्त पहिला दिसतो. या विषयातला बहुतेक सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मोबाईलमधल्या आणि बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांमधल्या सीमॉस सेन्सरवर हजारो आडव्या ओळी असतात. १/४००० सेकंदाचा शटरस्पीड याचा अर्थ प्रत्येक ओळीने तेवढाच वेळ प्रकाश गोळा केला, इतकाच. सगळ्या ओळींनी तो एकाच वेळी गोळा केला असा त्याचा अर्थ होत नाही. पहिल्या ओळीचे काम आधी सुरू होते, नंतर दुसरीचे, मग तिसरीचे, आणि शेवटच्या ओळीची पाळी येईपर्यंत मोबाईलमध्ये मॉडेलनुसार साधारण १० ते ३० मिलिसेकंद उलटून गेलेले असतात. यालाच रोलिंग शटर म्हणतात. झेरॉक्स यंत्राचा दिवा काचेखालून सरकत असताना वरचा कागद फिरवला, तर प्रतीतली अक्षरे जशी ओढल्यासारखी येतात, तोच प्रकार इथे घडतो. म्हणून असा फोटो एका क्षणाचा नसतो. त्याची वरची कड आणि खालची कड यांच्यामध्ये काळाचे अंतर असते, आणि स्थिर वस्तूच्या बाबतीत ते आपल्याला कधी जाणवत नाही.

आता यात प्रोपेलर आणू. तो फोटोत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आहे आणि वाचनरेषा, म्हणजे त्या क्षणी वाचली जाणारी ओळ, वरून खाली सरकते आहे, असे धरा. डाव्या बाजूला पाती वर चढत असतात, म्हणजे ती वाचनरेषेच्या समोरून येतात. त्यामुळे रेषा एका पात्याला ओलांडते न ओलांडते तोच दुसरे पाते समोर येते. या बाजूला पाती अरुंद आणि दाटीने दिसतात. उजव्या बाजूला पाती खाली उतरत असतात, म्हणजे रेषेच्याच दिशेने जात असतात. तिथे रेषेला पात्याचा पाठलाग करावा लागतो आणि ते फोटोत रुंद व ताणलेले दिसते. शिवाय पात्याचा हबजवळचा भाग सावकाश सरकतो आणि टोक सर्वांत वेगाने जाते. त्यामुळे एकाच पात्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या क्षणी रेषेला भेटतात आणि सरळ पाते वक्र होते. प्रोपेलर उलट दिशेने फिरत असेल, तर डावे-उजवे बदलून वाचावे.

सुटा तुकडा कुठून येतो, हेही याच हिशेबातून कळते. पात्याचे टोक वाचनरेषेपेक्षा सावकाश जात असेल, तर रेषेची आणि त्या टोकाची भेट एकदाच होते. टोक रेषेपेक्षा वेगाने जाऊ लागले, की उतरत्या बाजूला ते रेषेला मागून गाठते, पुढे निघून जाते आणि वळून वर चढताना पुन्हा समोर येते. मग एकाच टोकाची तीन चित्रे उमटतात आणि त्यांतली जास्तीची दोन हबला जोडलेली नसतात. रेषा संपूर्ण तबकडी, म्हणजे पाती फिरताना व्यापतात ते वर्तुळ, ओलांडत असताना प्रोपेलर जर सुमारे ०.३२ फेरीपेक्षा, म्हणजे एक तृतीयांशाहून किंचित कमी फेरीपेक्षा जास्त फिरला, तर हे सुटे तुकडे दिसू लागतात. त्याहून सावकाश फिरणारा प्रोपेलर वाकतो, पण तुटत नाही.

इथे एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. पात्याचा कोणताही बिंदू घ्या. सुरुवातीला वाचनरेषा त्याच्या वर असते आणि शेवटी ती त्याच्या खाली असते. म्हणजे मध्ये केव्हातरी ती त्याला ओलांडतेच, आणि ओलांडण्याची एकूण संख्या नेहमी विषम असते: एक, तीन, पाच. याचा अर्थ असा, की संपूर्ण प्रोपेलर चौकटीत असेल, तर कितीही विचित्र दिसणाऱ्या फोटोत प्रत्येक पात्याचा प्रत्येक भाग किमान एकदा नोंदला गेलेलाच असतो. त्यातून काहीही हरवलेले नसते.

यावरून पाती मोजण्याचा एक सोपा नियम निघतो. प्रोपेलर स्थिर असेल तर हबच्या डावीकडे आणि उजवीकडे सरासरी निम्मी-निम्मी पाती असतात. रेषा तबकडी ओलांडेपर्यंत प्रोपेलरने जितक्या फेऱ्या मारल्या, त्यांना पात्यांच्या संख्येने गुणा. तितकी पाती समोरून येणाऱ्या बाजूला वाढतात आणि दुसऱ्या बाजूला कमी होतात.

एटीआर ७२-६०० विमानाला प्रत्येक इंजिनावर सहा पात्यांचा प्रोपेलर असतो. तो शंभर टक्के वेगाला मिनिटाला १२०० फेरे घेतो आणि उंचीवर स्थिर उड्डाणात ८२ टक्के वेगाला ९८४, म्हणजे सेकंदाला १६.४ फेरे घेतो. मोबाईलचा सेन्सर २० मिलिसेकंदांत वाचला जात असेल आणि प्रोपेलरने चौकटीची पूर्ण उंची व्यापली असेल, तर तेवढ्या वेळात तो ०.३३ फेरी मारतो. सहा गुणिले ०.३३ म्हणजे दोन. स्थिर असता तर तीन आणि तीन पाती दिसली असती. आता एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला एकच दिसेल. प्रश्नातले दाटी आणि रिकामी जागा यांचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते, आणि ०.३३ हा आकडा नेमका तुकडे सुटण्याच्या सीमेवर आहे, हेही लक्षात घ्यावे. फ्लाय ९१ या विमानसेवेच्या एटीआर विमानांतून प्रवास करणाऱ्यांना खिडकीजवळ बसून हे सहज पडताळता येईल. खिडकीतून तबकडी तिरपी, लंबगोल दिसते. पण त्यामुळे मोजणी बदलत नाही. तोच प्रोपेलर दुरून टिपला आणि त्याने चौकटीची निम्मीच उंची व्यापली, तर रेषेला तो ओलांडायला १० मिलिसेकंदच लागतात आणि पाचास एक ऐवजी चारास दोन अशी विभागणी होते. प्रोपेलर चौकटीत लहान ठेवणे हाही म्हणूनच एक उपाय आहे, फक्त तो फारसा समाधानकारक नाही.

सेस्ना १७२ सारख्या लहान विमानात चित्र अधिकच बिघडते. तिथे पाती दोनच असतात, पण वेग मोठा असतो. मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ४०. तबकडी ओलांडायला १० मिलिसेकंद लागले, तर प्रोपेलर ०.४ फेरी मारतो आणि दोन्ही पाती जवळजवळ एकाच बाजूला गोळा झालेली दिसतात. २० मिलिसेकंदांत ०.८ फेरी होते. अर्ध्या फेरीच्या पुढे गेले, की रिकामी झालेली बाजू पुन्हा भरू लागते, मात्र आता सुट्या तुकड्यांनी. त्यानंतर दोन्ही बाजूंची बेरीज पात्यांच्या खऱ्या संख्येहून जास्त होत जाते. मिनिटाला २७०० फेरे आणि ३० मिलिसेकंद असा हिशेब केला, तर दोन पात्यांच्या जागी पाच-सहा वक्र पट्टे येतात. हा फोटो पाहून प्रोपेलर मोडल्याची शंका येते, तेव्हा त्याला प्रत्यक्षात काहीही झालेले नसते.

हिशेब करताना इंजिनाचे फेरे आणि प्रोपेलरचे फेरे यांत गल्लत करू नये. सेस्नामध्ये प्रोपेलर थेट इंजिनाच्या दांड्यावर असतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकच असतात. भारतीय वायुसेनेच्या ‘परशुराम’ या जुन्या डकोटाचे इंजिन मात्र दातेरी चक्रांतून प्रोपेलर फिरवते आणि इंजिनाच्या सोळा फेऱ्यांमागे प्रोपेलरच्या नऊच फेऱ्या होतात. एटीआरसारख्या विमानांच्या टर्बोप्रॉप इंजिनात, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनात, तर हा फरक कितीतरी मोठा असतो.

आता शटरस्पीडकडे वळू. १/४००० सेकंदाने वाकडेपणा का गेला नाही, हे वरच्या विवेचनावरून स्पष्ट झाले असेल. त्याने प्रत्येक ओळीतला धूसरपणा काढून टाकला. ओळींमधला कालावधी होता तसाच राहिला. त्यामुळे वक्र पाते धारदार कडांसह दिसू लागले. मोबाईल उन्हात आपणहून इतका वेगवान शटर का निवडतो, यालाही साधे कारण आहे. मोबाईलच्या मुख्य लेन्सचे छिद्र बहुधा स्थिर असते, समजा एफ/१.८ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). भर उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ५० ठेवली तर एफ/१६ ला १/५० सेकंद पुरतो, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. एफ/१.८ ला सुमारे ७९ पट अधिक प्रकाश आत येतो, म्हणून शटर साधारण १/४००० पर्यंत न्यावाच लागतो. छिद्र लहान करण्याची सोय नसल्यामुळे मोबाईलकडे दुसरा मार्ग नसतो.

डिजिटल सेन्सर येण्याच्या कितीतरी आधीपासून हा परिणाम माणसाच्या नजरेला आलेला आहे. डिसेंबर १८२४ मध्ये इंग्रज डॉक्टर पीटर मार्क रोजे यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. कुंपणाच्या उभ्या फटींमधून रस्त्यावरची गाडी पाहिली, तर चाकाचे सरळ आरे वक्र दिसतात, याचे भूमितीय स्पष्टीकरण त्यात होते. सरकणारी फट आणि फिरणारा आरा यांच्या भेटींचे जे गणित रोजे यांनी मांडले, तेच वाचनरेषा आणि पाते यांनाही लागू पडते. छायाचित्रणातले याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तिग यांनी १९१० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रां प्री शर्यतीत टिपलेली मोटार. त्या कॅमेऱ्यात पडद्याची फट फोटो उमटणाऱ्या काचेवरून सरकत असे. लार्तिग गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होते, पण गाडी त्यांच्याहून वेगाने गेली. त्यामुळे चाक लंबगोल होऊन पुढे कलले आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले. वेगाचा भास इतक्या थेटपणे देणारी चित्रे थोडीच असतील.

आजच्या मेकॅनिकल शटरमध्येही पडदेच सरकतात, फक्त ते सेन्सर ३ ते ४ मिलिसेकंदांत ओलांडतात. मिनिटाला २४०० फेऱ्यांना तेवढ्या वेळात प्रोपेलर ०.१६ फेरी, म्हणजे सुमारे ५८ अंश फिरतो. प्रोपेलरने चौकट भरली असेल, तर पात्यात हलकी वक्रता तरीही राहते, परंतु ती डोळ्याला खटकत नाही. याउलट साध्या सेन्सरच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला, की मेकॅनिकल शटर बंद होऊन इलेक्ट्रॉनिक शटर सुरू होते आणि अधिक मेगापिक्सेलच्या काही कॅमेऱ्यांत वाचनाला ५० मिलिसेकंदांहूनही अधिक वेळ लागतो. महागड्या कॅमेऱ्यातून मोबाईलपेक्षा वाईट फोटो आल्याच्या तक्रारींमागे बरेचदा हेच कारण असते. विमानांचे फोटो काढताना सायलेंट मोड बंद ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

अलीकडच्या काही कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पाठीमागे स्मृतीचा थर जोडून वाचन झपाट्याने उरकले जाते. निकॉनच्या २०२१ च्या झेड ९ मध्ये तर मेकॅनिकल शटर ठेवलेलेच नाही, कारण त्याचा सेन्सर सुमारे ३.७ मिलिसेकंदांत, म्हणजे पडद्याइतक्याच वेळात वाचून होतो. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेला अल्फा ९ III त्याच्याही पुढचा आहे. त्यात ग्लोबल शटर आहे, म्हणजे सर्व ओळी एकाच क्षणी सुरू होतात आणि एकाच क्षणी थांबतात. त्यात प्रोपेलर सरळच येतो. लेन्सच्या आतच पाकळ्यांचे शटर असलेले कॅमेरेही संपूर्ण चौकट एकदम उजळतात, म्हणून त्यांत ही अडचण येत नाही. मात्र त्यांच्या इलेक्ट्रॉनिक शटरचा पर्याय चुकून निवडला गेलेला नाही ना, ते पाहावे.

हातात मोबाईलच असेल तर काय करावे? माझे मत स्पष्ट आहे: पाती गोठवण्याचा हट्ट सोडून ती धूसर होऊ द्यावीत. एक पाते पुढच्या पात्याच्या जागी पोहोचेपर्यंत ओळ उघडी राहिली, तर संपूर्ण तबकडी एकसारखी पारदर्शक दिसते आणि वाकडेपणा उमटायला जागाच उरत नाही. एटीआरच्या ९८४ फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ९८ पाती एका जागेवरून जातात, म्हणून १/१०० सेकंदाला तबकडी जवळजवळ पूर्ण भरते आणि १/६० ला तर निश्चितच भरते. १/४००० वरून १/१२५ वर येण्यासाठी प्रकाश ३२ पट कमी करावा लागतो आणि १/६० साठी ६४ पट. मोबाईलच्या लेन्सवर बसणारा तितक्या क्षमतेचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावावा, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये आयएसओ सर्वांत कमी ठेवून शटर हाताने ठरवावे आणि मोबाईल खिडकीला टेकवू नये, कारण विमानाची थरथर थेट त्याच्यात उतरते. ढगाळ हवेत, पहाटे किंवा संध्याकाळी याहून हलका फिल्टर पुरतो आणि दिवेलागणीला तर फिल्टरची गरजही उरत नाही.

जमिनीवरून उडत्या विमानाचा फोटो घेताना गणित थोडे वेगळे होते, कारण पाती धूसर आणि विमान स्पष्ट अशी दोन्ही अंगे सांभाळायची असतात. मेकॅनिकल शटरच्या कॅमेऱ्यावर १/१२५ ते १/२५० सेकंद ठेवून विमानाबरोबर कॅमेरा फिरवणे ही रुळलेली पद्धत आहे. २४०० फेऱ्यांना १/२५० सेकंदात पाते ५८ अंश सरकते, म्हणजे गती दिसते आणि पाते ओळखूही येते. १/४००० ला ते जेमतेम साडेतीन अंश सरकते आणि आकाशातले विमान इंजिन बंद पडल्यासारखे दिसते. वाकडेपणा अजिबात नसलेला, पण पाती गोठलेला असा फोटो मला तरी निर्जीव वाटतो. हेलिकॉप्टरचा वरचा रोटर बराच सावकाश फिरतो, म्हणून त्याला १/६० किंवा त्याहून संथ शटर द्यावे लागते आणि हात स्थिर ठेवण्याची कसोटी लागते.

व्हिडिओत यात आणखी एक परिणाम मिसळतो आणि तो वेगळा ओळखला पाहिजे. वाकडेपणा एका फ्रेमच्या आत ओळींमधल्या वेळेमुळे येतो. पाती थबकणे किंवा उलटी फिरणे हे दोन फ्रेममधल्या वेळेमुळे घडते. एटीआर धावपट्टीवरून उड्डाण घेताना १२०० फेरे, म्हणजे सेकंदाला बरोबर १२० पाती होतात. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेमला नेमकी चार पाती पुढे सरकतात आणि प्रोपेलर थांबल्यासारखा दिसतो. उंचीवर ९८४ झाले, की तोच प्रोपेलर सेकंदाला जेमतेम १.४ फेरे घेताना दिसतो. क्यू ४०० या विमानाचा सहा पात्यांचा प्रोपेलर स्थिर उड्डाणात ८५० फेऱ्यांवर असताना सेकंदाला ८५ पाती होतात, आणि ३० फ्रेमच्या तिपटीला, म्हणजे ९० ला, पाच कमी पडत असल्यामुळे तो व्हिडिओत सावकाश उलटा फिरतो. म्हणून जमिनीवर चालू इंजिनाजवळ असताना पडद्यावरच्या चित्रावर कधीही विसंबू नये. पडद्यावर थबकलेला प्रोपेलर प्रत्यक्षात पूर्ण वेगात असू शकतो. फिरत्या पात्यांच्या रेषेत किंवा जवळपास उभे राहून चित्रण करण्याचा मोह कोणीही, कितीही अनुभव असला तरी, धरू नये.

काढलेला फोटो नंतर सरळ करता येईल का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न आहे. मोबाईलमधली स्थिरीकरणाची यंत्रणा जायरोस्कोपच्या मदतीने हाताची हालचाल भरून काढते. तिला प्रोपेलरच्या फिरण्याची काहीच कल्पना नसते. तत्त्वतः मात्र, पात्याचा प्रत्येक भाग किमान एकदा नोंदला गेलेला असल्यामुळे, फेरे आणि वाचनाचा वेळ माहीत असतील तर प्रत्येक ओळ त्या त्या कोनात मागे फिरवून पाती पुन्हा सरळ जुळवता येतात. पात्यांमागचे आकाश किंवा पंख मात्र त्याच वेळी वाकडे होतात आणि ते वेगळे बसवावे लागतात.

हा दोष खरोखर कॅमेऱ्याचाच आहे, याची खात्री हवी असेल तर मोबाईल आडवा आणि मग उभा धरून तोच प्रोपेलर टिपावा. वाचनाची दिशा नव्वद अंशांनी बदलते आणि दाटीची बाजूही डाव्या-उजव्याऐवजी वर किंवा खाली जाते. तसेच आपल्या मोबाईलचा वाचनाचा वेळ काढायचा असेल, तर एटीआरचा चौकट भरून काढलेला असा एक फोटो पुरेसा आहे. हबच्या दोन्ही बाजूंची पाती मोजावीत, मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि पात्यांच्या संख्येच्या दुपटीने, म्हणजे बाराने, भागावे. पाच आणि एक असतील तर चार भागिले बारा, म्हणजे एक तृतीयांश फेरी, तिला १६.४ ने भागले की २० मिलिसेकंद मिळतात. कमी पाती असलेली बाजू सुट्या तुकड्यांनीच भरलेली असेल, तर वजाबाकीऐवजी बेरीज घ्यावी. येणारा आकडा चार मिलिसेकंदांच्या आत असेल, तर पाती गोठवूनही बऱ्यापैकी सरळ येतील. दहाच्या पुढे असेल, तर एनडी फिल्टर आणि संथ शटर हाच मार्ग आहे.